शिरूर अनंतपाळ उलटं करताना

उमा झोपली आहे तोवर सांगून टाकते.

स्टॅक शिकवायला कॉम्प्युटर लागत नाही, घरातले आठ पेले पुरतात, असं मी नवऱ्याला छातीठोकपणे सांगितलं होतं. लातुरात त्या वर्षी गल्लोगल्ली कॉम्प्युटरचे क्लास निघत होते आणि मला त्यातल्या एकात नोकरी हवी होती. बाळंतपणानंतरची पहिलीच. एक डेमो तास घ्यायचा. पोरांना समजलं तर नोकरी, नाहीतर घर.

क्लासचे मल्लिनाथ सर शिरूर अनंतपाळचे. म्हणून आठ पेल्यांवर त्यांच्या गावाचीच आठ अक्षरं चिकटवली. सर आधीच पत्र्याच्या शेडमध्ये पहिल्या बाकावर बसले होते. दीड वर्षाच्या उमाला घेऊन सासूबाई सगळ्यांत शेवटी आल्या, दारापाशी टेकल्या.

खाली ‘शि’, त्यावर ‘रू’, वर ‘ळ’पर्यंत. एक सुलटा, एक पालथा, अशी उतरंड रचली.

“जो शेवटी ठेवला, तो आधी काढायचा. याला म्हणायचं स्टॅक. शब्द आपोआप उलटा होतो.”

“मॅडम, अन् खालचा वढला तर?” अर्शिया नावाच्या मुलीनं विचारलं.

प्रश्न मला फार आवडला. उत्तर उमानं दिलं. टेबलापाशी कधी आली कळलंच नाही. तिनं ‘शि’ ओढला आणि वरचे सातही पेले खणखणत खाली आले.

भूकंपाला चार वर्षं झाली होती, तरी आमच्याकडे उशाशी तांब्यावर पेला ठेवूनच झोपत. पेला पडला की पळायचं.

“लेकरांनो, पळा!” सासूबाई ओरडल्या.

सत्तर पोरं, मागं एकच दार. कडेवर लेकरू बघून सरांनी मला पुढं काढलं आणि स्वतः शेवटी, एकाच चपलेवर बाहेर आले. शेडचा पत्रासुद्धा हलला नव्हता. माझी नोकरी मात्र चांगलीच हलली होती.

“सर, तुम्ही आधी आत गेल्ते, शेवटी निघाले,” अर्शिया म्हणाली. “आज्जी शेवटी आल्त्या, आधी पळाल्या. ह्योच का स्टॅक?”

“हाच,” मी चाचरत म्हणाले.

सर हसले नाहीत. “मग करा बघू गाव उलटं. पेल्यांबिगर.”

पोरं मैदानातच सुरू झाली. “ळ, पा, त, नं, अ, र, रू…” आणि अडली. उरलेला पेला माझ्या कडेवरच्या उमाच्या मुठीत होता. सगळे तिच्याकडे बघू लागले.

“शी,” उमा म्हणाली.

टाळ्या पडल्या. “लेकरू लई हुशार हाय,” सर म्हणाले. “सोमवारपासून या.”

मीही क्षणभर फुगले.

मग वास आला.