घरत सरांना निमित्त लागायचं

कोणाच्याही घरी गेले की बसायच्या आधी घरत सर खुर्ची उलटी करायचे. यजमान 'बसा, बसा' म्हणत उभे, आणि सर खुर्चीचे पाय छताकडे करून एकेक सांधा हलवून बघताहेत. "पॉलिश काय, कोनीपन मारतो. सांधा बगायचा." सांधा पास झाला की खुर्ची सरळ, मग नमस्कार, मग पाणी.

शेजारच्या बिल्डिंगमध्ये साखरपुडा होता, तिथे त्यांनी नवऱ्या मुलासाठी सजवलेली खुर्चीच उलटी केली. झेंडूच्या माळा जमिनीवर. "पोरगा चांगला हाय," सर मुलीच्या वडिलांना म्हणाले, "पन खुर्ची बदला." बदलली.

सर मूळचे जासईचे. आयटीआयमध्ये सुतारकाम शिकवून निवृत्त झाले आणि नवीन पनवेलला आमच्या खालच्या मजल्यावर राहायला आले. मूलबाळ नव्हतं, बायको आधीच गेलेली. गेल्या महिन्यात तेही गेले. जिन्यात अजून पाय त्यांच्या दाराशी रेंगाळतो.

आमच्याकडे देवळामागे एक खोली आहे. आजाऱ्यांना तिथून व्हीलचेअर, वॉकर, कुबड्या फुकट वापरायला मिळतात. काम झालं की परत करायच्या. सर रोज सकाळी तिथे. वस्तू दुरुस्त करायचे, घरोघरी पोचवायचे, शिवाय त्या धरून चालायलाही शिकवायचे. पांढऱ्या केसांच्या आजोबांनाही वर्कशॉपमधल्या पोरांसारखं दरडावायचे, "नजर समोर! पाय बगून कोन चालतो?" आणि आजोबा मुकाट्याने मान वर करायचे.

वस्तू परत आणायला मात्र कोणी स्वयंसेवक तयार नसायचा. कारण बऱ्याचदा तिथला माणूस गेलेला असायचा. ते काम सरांचं.

एकदा सुकापूरला मी त्यांना माझ्या गाडीतून घेऊन गेलो. तिथल्या आजींचे यजमान नुकतेच गेले होते. व्हीलचेअर खिडकीशी होती, तिच्या पाठीवर त्यांचा टॉवेल तसाच. आजींनी चहा दिला, पावसापाण्याचं बोलल्या, खुर्चीचा विषय काही काढेनात. सरांनी टॉवेल उचलून बाजूला ठेवला, ब्रेक आवळला, चाकात तेल सोडलं आणि खुर्ची होती तिथेच लावून टॉवेल परत तिच्यावर टाकला.

"ब्रेक सैल होता, केला नीट. राहू द्या अजून. सध्या कोनाला नको हाय."

हे साफ खोटं होतं. खोलीवर व्हीलचेअरसाठी लोक थांबलेले होते. गाडीत बसल्यावर मी तसं म्हटलं.

सरांनी तेलाची बाटली पिशवीत ठेवली. मग म्हणाले, "आमची मंडली गेली, तवा तिचा भाड्याचा पलंग त्याच दुपारी नेला. त्या लोकांची चूक नाय, मीच फोन केलेला. पन पलंग गेला आनि खोली एकदम मोठी झाली. मला आत जाता येईना."

घरी येऊन मी हे उमाला, माझ्या बायकोला, सांगितलं. तिने त्यांना रविवारी जेवायला बोलावलं. "येतो की," म्हणाले, आले नाहीत. पुन्हा बोलावलं, पुन्हा तेच. शेवटी आमच्या लक्षात आलं, सरांना कोणाच्या घरी जायला काहीतरी काम लागतं. मग उमाने स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या बिजागरीचे स्क्रू सैल केले आणि खाली निरोप धाडला. सर पेचकस घेऊन पाच मिनिटांत हजर. दार बसवलं, मग जेवले. दोनदा आमटी घेतली.

त्यानंतर दर रविवारी आमच्या घरात काही ना काही निखळायचं. कधी ड्रॉवरची मूठ, कधी स्टुलाचा पाय. सर तोंडभर शिव्या द्यायचे, "कोन सुतार होता तुमचा?" आणि हात धुऊन पानावर बसायचे.

एका रविवारी पुन्हा तीच बिजागरी. सरांनी स्क्रू आवळले, दार दोनदा उघडून मिटून पाहिलं, आणि पेचकस पुसता पुसता, उमाकडे न बघता म्हणाले,

"पोरी, सारखा स्क्रू काडलास तर लाकूड खराब होतं. नुसता फोन कर. मी येईन."

पुढच्या रविवारी तिने नुसता फोन केला. उचलला जासईहून धावत आलेल्या त्यांच्या पुतण्याने.