माझी वेळ हवी असेल तर लिंक उघडा

आमच्या खोक्यांच्या कारखान्यात वेळेचं मोल कळणारा माणूस एकच, आणि तो मी! कामांची यादी ठेवणारं एक ॲप, त्या यादीची आठवण करून देणारं दुसरं आणि या दोघांपायी किती वेळ गेला ते मोजणारं तिसरं, असा माझा संसार मोबाइलमध्ये सुखाने चालला होता. हे सगळं सांभाळताना प्रत्यक्ष काम थोडं मागे पडायचं, पण तेवढं चालायचंच.

मग चौथं आलं. ज्याला माझ्याशी बोलायचंय त्याने लिंक उघडायची आणि मी रोज मोकळे ठेवलेल्या एक-दोन अर्ध्या तासांपैकी एक निवडायचा. फोनमधल्या झाडून सगळ्यांना मी ती लिंक पाठवली. आमचे खरेदीप्रमुख निवृत्त होत होते आणि त्या खुर्चीसाठी मी बारा वर्षं झुरत होतो. माझी शिस्त साहेबांना दिसायला नको?

बायको म्हणाली, "अहो, मलाही लिंक?"

"नियम म्हणजे नियम."

"बरं. मग गॅस संपलाय हे मी कितीला सांगू?"

तीन दिवसांत येत्या सोमवारपासूनचा अख्खा महिना काठोकाठ भरला! कोणी भरला ते पाहिलं नाही, कारण एकाग्रतेसाठी सगळ्या सूचना बंद ठेवल्या होत्या. नुसते निळे चौकोन बघूनच ऊर भरून येत होता. शेजारच्या टेबलावर डोकं टेकून झोपणाऱ्या सहकाऱ्याला आम्ही डुलकी म्हणतो. त्याला उठवून ते चौकोन दाखवले. "भारी आहे," म्हणाला आणि पुन्हा झोपला.

बुधवारी जिन्यात साहेब भेटले. "पाच मिनिटं आहेत का?"

"साहेब, लिंकवरून वेळ घ्या ना. म्हणजे नीट बोलता येईल."

साहेबांनी माझ्याकडे कौतुकाने पाहिलं. निदान मला तरी ते कौतुक वाटलं.

शुक्रवारी फलकावर कागद लागला. नवे खरेदीप्रमुख: डुलकी. मी तडक साहेबांच्या केबिनमध्ये शिरलो.

"अहो, तुम्हालाच विचारणार होतो," साहेब म्हणाले. "लिंक उघडली तर महिनाभर जागा नाही. आधीच एवढं ओझं, त्यात आणखी कुठे लादू? तो केव्हाही बघा, मोकळाच असतो."

बाहेर येऊन पहिल्यांदाच नावं उघडली. एक्केचाळीस भेटी आणि एकच नाव. माझ्या सासूबाई!

त्या आमच्याच इमारतीत खालच्या मजल्यावर राहतात. घरी न जाता आधी त्यांच्याकडे गेलो. "आई, एक्केचाळीस वेळा?"

"अहो जावईबापू, वेळ घेतली की पडद्यावर रंगीत कागद उडतात आणि 'अभिनंदन' असं येतं. या वयात माझं अभिनंदन कोण करतं हो?"

भांडायलाच गेलो होतो, पण त्यांच्यासमोर बसकण मारली. मग ती खुर्ची, ती बारा वर्षं, साहेब, डुलकी, सगळं भडाभडा सांगून टाकलं. कपड्यांच्या घड्या घालत त्या शांतपणे ऐकत होत्या. इतकं मनापासून माझं कोणी ऐकलं नव्हतं. मी निवृत्तिवेतनापर्यंत पोचलो तेवढ्यात त्यांनी घड्याळाकडे पाहिलं आणि चपला पायात सरकवल्या.

"माझी फिरायला जायची वेळ झाली. उरलेलं सोमवारी साडेदहाला सांगा. तुमची वेळ मी घेतलेलीच आहे."

सोमवारी मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. अर्जावर सही डुलकीने केली.