कॉम्प्युटर विचारात पडला

"कुठलंही दुखणं असो, मी एकदा डोकावले की ते आपणहून कबूल होतं! अर्ध्या तासात सांगते तुला, हा कॉम्प्युटर का रखडतोय ते!"

असं डॉक्टरीणबाईंनी सकाळच्या चहाला जाहीर केलं, आणि तिथेच त्या फसल्या.

बाई दातांच्या डॉक्टर. पेशंट खुर्चीत टेकायच्या आत कुठली दाढ ठणकतेय हे त्या नुसत्या गालावरून सांगतात, त्यामुळे स्वतःच्या निदानावर त्यांचा भलताच विश्वास. दिवसभर लोकांच्या तोंडात डोकावून आल्यावर त्यांचा एकच विरंगुळा, कॉम्प्युटरवरच्या मोटारींच्या शर्यती! हा कॉम्प्युटर त्यांनी पहिल्या कमाईतून सुटे भाग आणून स्वतः जोडला होता. लग्नानंतर सासरी आल्या तेव्हा कपड्यांच्या बॅगा टेम्पोत मागे होत्या आणि कॉम्प्युटर मांडीवर!

हल्ली या लाडक्याचं काहीतरी बिनसलं होतं. इतरांच्या मोटारी सुसाट जायच्या, आणि बाईंची मोटार नव्याने सायकल शिकणाऱ्या पोरासारखी जराशी पुढे, मग थांब, मग एकदम भिंतीवर! त्याचा पंखा तर असा घोंघावायचा की शेजारच्या खोलीतून नवरोबा ओरडायचे, "पीठ दळतेयस का गं?"

नवरोबा लिफ्ट तपासणारे. खिशात कायम मोजपट्टी, आणि त्या मोजपट्टीचा डोळा कॉम्प्युटरच्या कोपऱ्यावर.

"म्हातारा झालाय तो," ते म्हणाले. "आता त्याला निवृत्त कर. तिथे माझी माशांची काचेची पेटी फिट्ट बसते. मोजलंय मी!"

"तू तर जेवायला बसतानासुद्धा पाट मोजशील! रविवारपर्यंत थांब. कारण सापडलं नाही तर खुशाल आण तुझे मासे. सापडलं तर या खोलीत पुन्हा मोजपट्टी उघडायची नाही!"

"कबूल!"

आप्पा, म्हणजे बाईंचे सासरे, पेपरमागून हळूच म्हणाले, "सूनबाई, त्याला फार छळू नकोस. बिचारा खूप कष्ट करतोय."

कोणी लक्ष दिलं नाही. दिलं असतं तर ही गोष्ट इथेच संपली असती आणि तुमचा-माझा वेळ वाचला असता.

त्याच संध्याकाळी शस्त्रक्रिया झाली. बाईंनी मास्क लावला, हातमोजे चढवले, दवाखान्यातून हवा मारायचा पंप आणला आणि नवरोबांच्या हातात टॉर्च दिला. झाकण उघडलं तर आत धुळीचं पांघरूण! त्यांनी ते चिमट्याने असं अलगद उचललं की टॉर्च धरून धरून नवरोबांचा हात आखडला. सगळं साफ झाल्यावर बाई सवयीने कॉम्प्युटरला म्हणाल्या, "आता चूळ भरा!" हे नवरोबांनी पुढे सगळ्या नातेवाइकांना सांगितलं.

कॉम्प्युटर चालू केला, तर मोटार वाऱ्यासारखी पळाली! पहिला नंबर!

"धूळ होती! नुसती धूळ! अर्ध्या तासात म्हटलं होतं ना?"

नवरोबांनी मुकाट्याने मोजपट्टी खिशात घातली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बाई ऐटीत खेळायला बसल्या, आणि मोटार पुन्हा भिंतीवर. पंखा पुन्हा दळायला बसला!

"हं. म्हणजे धूळ वरवरची होती. दुखणं खोल आहे," बाई म्हणाल्या. मग आतली चिप थंड ठेवणारा, पण वाळून खडखडीत झालेला लेप त्यांनी दातावरचं कीटण काढावं तसा खरवडला आणि नवा लेप इतका सुबक लावला की एखाद्या पेशंटला हेवा वाटावा. चालू केला. सुसाट! पुन्हा पहिला नंबर! पुन्हा जयजयकार! आणि पुढच्या संध्याकाळी? पुन्हा रखडपट्टी.

त्या दिवशी जेवताना बाईंचं तोंड उतरलं होतं. आणि आप्पांचंही.

"चिवट आहे हो," बाई सुस्कारा टाकून म्हणाल्या. "आज गेला म्हणावं, तर उद्या हजर!"

"माझ्याकडे उलटं," आप्पा म्हणाले. "हजर आहे म्हणावं, तर गायब. ऐन रंगात आलेला डाव टाकून पळतो गं!"

"असल्या माणसाशी खेळू नका, आप्पा."

"नाही गं, तसा हुशार आहे. पण हरायची वेळ आली की तोंड लपवतो. तुझा कोण आहे?"

"अजून तोंड दिसलेलं नाही. दिसू दे, मुळासकट उपटते!"

"इतकं नको हं," आप्पा काळजीने म्हणाले. त्यांना वाटलं, कुणाची तरी दाढ असेल.

मग बाईंना सुचलं की कॉम्प्युटरच्या पोटात काय काय चालू आहे त्याची यादी बघावी. हे खरं तर पहिल्याच दिवशी सुचायला हवं होतं, पण मास्क आणि हातमोजे चढवल्यावर माणसाला साधं काही सुचत नाही. यादीत सर्वांत वर एक अनोळखी नाव सगळी ताकद खात बसलं होतं. नाव म्हणजे नुसती अक्षरं आणि आकडे. बाई औषधाची चिठ्ठी लिहितात तसलं, वाचून काही कळेल तर शपथ!

"कीड!" बाई ओरडल्या. "सापडली कीड!"

एका बोटाने त्यांनी ते बंद केलं, आणि पंखा एकदम शांत झाला. बाईंनी समाधानाने हातसुद्धा धुतले. पण दुसऱ्या दिवशी कीड परत! त्यांनी मारली. ती परत! व्हायरस शोधणारा प्रोग्राम म्हणाला, सगळं ठणठणीत आहे. बाईंनी त्यालाही शिव्या घातल्या. ही कीड येते कुठून हे शांतपणे बघायला हवं होतं, पण बाईंना तेवढा धीर कुठला!

शेवटी त्यांच्या डोक्यात भलताच प्रकाश पडला. कीड आपोआप येत नाही, ती कोणीतरी सोडतं! आणि कॉम्प्युटर मेला तर फायदा कोणाचा? माशांचा! त्यांनी टेबल निरखून पाहिलं, तर कीबोर्डवर बिस्किटाचा चुरा.

"पुरावा!" त्या नवरोबांपुढे जाऊन उभ्या राहिल्या. "माझ्या मागे तू माझ्या कॉम्प्युटरपाशी बसतोस. हा बघ चुरा!"

"मी? मी बिस्किट खातच नाही! आणि दिवसभर मी लोकांच्या लिफ्टमध्ये लटकलेला असतो!"

आरडाओरडा ऐकून आप्पा दारात आले. त्यांना गोड बिस्किटं बंद होती. भांडणाचं कारण आपलं बिस्किटच असणार असं समजून ते खाली मान घालून म्हणाले, "त्याला बोलू नकोस. मीच खाल्लं."

"आप्पा, तुम्ही मुलाला पाठीशी घालू नका!" बाई कडाडल्या.

आप्पांनी शर्टावरचा चुरा हळूच झटकला आणि ते आले तसे गेले. नवरोबा मात्र खरोखर दुखावले. "रविवारी पेटी आणतोच," एवढंच म्हणाले आणि त्या दिवशी चहासुद्धा स्वतः करून प्यायले.

शनिवारी दुपारी बाईंनी दवाखाना लवकर बंद केला, पाय न वाजवता घरात शिरल्या आणि खोलीतल्या पडद्यामागे उभ्या राहिल्या. आता चोर रंगेहाथ पकडायचा! थोड्या वेळाने दार करकरलं. कोणीतरी आत आलं. खुर्ची सरकली. बिस्किटाचा पुडा कुरकुरला.

"सूनबाई," आवाज आला, "पडदा धुवायला काढतेयस का?"

पडद्याखालून चपला दिसत होत्या.

"आप्पा! तुम्ही?"

"हळू बोल. तो विचार करतोय."

आप्पांनी स्क्रीनच्या कोपऱ्यातून एक खिडकी वर काढली. बुद्धिबळाचा पट! "बघ, माझा घोडा इथे आला आणि याची बोलतीच बंद! महिना होत आला, चाल सुचत नाही त्याला. बागेतल्या सगळ्यांना सांगितलंय मी."

बाईंनी पटाकडे पाहिलं, मग ताकद खाणाऱ्या त्या नावाकडे. कीड मिळाली होती. कीड बिस्किट खात होती.

"पण मला हे कधी दिसलं कसं नाही?"

"टेबल तुझं. त्यावर माझा पसारा कसा ठेवणार? म्हणून खेळून झालं की खाली सारून ठेवतो. पण हा भित्रा आहे. हल्ली रोज संध्याकाळी डाव मिटवून पळून जातो. मी दुपारी तोच डाव पुन्हा उघडतो. रागावत नाही."

डाव मिटवणारा हात बाईंनी पाठीमागे लपवला.

आप्पा भूगोलाचे मास्तर. दूरच्या बंदरावर नोकरीला गेलेल्या बालमित्राशी ते वर्षानुवर्षं कार्डावरून बुद्धिबळ खेळले. एक चाल लिहायची, टपालात टाकायची, आणि उत्तराला पंधरवडा. गेल्या हिवाळ्यात मित्र गेला, डाव अर्ध्यावर टाकून.

"त्याचा उंट अडकला होता," आप्पा म्हणाले. "मी म्हटलं होतं, सावकाश सोडव. नंतर घर फार मोकळं वाटायला लागलं बघ. मग एकदा यावर गाणी लावताना हा खेळ दिसला. पुन्हा कुणीतरी समोर आलं."

बाईंना भरून आलं. आठवडाभर त्या व्हायरस म्हणून ज्याचा गळा दाबत होत्या, तो आप्पांचा एकुलता एक सोबती होता! आता पंचाईत अशी की कारण सांगावं, तर कॉम्प्युटरला चालीसाठी महिना लागत नाही हे आप्पांना कळणार आणि बागेत त्यांचं हसं होणार. न सांगावं, तर उद्या कॉम्प्युटर बाहेर, आणि त्याच्याबरोबर आप्पांचा डावही बाहेर!

रविवारी नवरोबा मोजपट्टी घेऊन हजर. "काय डॉक्टर, निदान?"

"झालंय. सांगणार नाही."

"सांगणार नाही म्हणजे झालेलं नाही!" त्यांनी टेबलाला हात घातला. "सरक बाजूला."

"अरे थांब!" आप्पा धावत आले आणि टेबलाला मिठी मारून उभे राहिले. "डाव चालू आहे! विचार करतोय तो!"

नवरोबांनी डाव पाहिला, घोडा पाहिला, महिनाभराची कहाणी ऐकली. मग लिफ्टमधल्या सूचना वाचायची सवय असल्यामुळे त्यांनी वाकून कोपऱ्यातली बारीक अक्षरं वाचली.

"आप्पा, इथे 'तुमची चाल' असं लिहिलंय."

"ते होय? मला वाटलं, जाहिरात आहे!"

बाई पुढे झाल्या. खरंच की! महिन्यापूर्वी आप्पा घोडा ठेवून चष्मा पुसत होते, तेवढ्यात कॉम्प्युटरने कडेचं प्यादं एक घर पुढे सरकवलं होतं. तेव्हापासून दोघंही एकमेकांची वाट बघत होते!

आप्पांचा चेहरा एवढासा झाला. "म्हणजे महिनाभर तो माझ्यासाठी खोळंबला होता? आणि मी बागेत जाऊन..."

"मग तो एवढा तापतो कशाला?" बाईंनी घाईघाईने खेळाचे नियम उघडले. एका ओळीसमोर खूण होती: 'समोरचा विचार करत असताना आपणही विचार करत राहावं.'

"ती मी केली," आप्पा पुटपुटले. "विचार करायला मी आयुष्यात कुणाला नाही म्हटलेलं नाही."

बाईंचा चेहरा उजळला. "आप्पा! तो नुसता खोळंबला नव्हता! तुम्ही आता काय खेळाल याचाच विचार करतोय तो, महिनाभर! सगळी ताकद पणाला लावून! माझ्या मोटारीसाठी चिमूटभरसुद्धा शिल्लक ठेवली नाही त्याने!"

"माझी एवढी धास्ती?"

"एवढी!"

आप्पा ताठ झाले. नवरोबांनी मोजपट्टी मिटून बाईंच्या हातात दिली. "हरलो!"

"मग खेळा चाल, आप्पा, आणि करा मोकळं त्याला! संध्याकाळी माझी शर्यत आहे."

आप्पांनी खुर्ची ओढली, चष्मा पुसला, पटाकडे पाहिलं. "सूनबाई, त्याने महिनाभर विचार केलाय. मी घाई केली तर त्याला काय वाटेल?"

माशांची पेटी शेवटी दवाखान्यात गेली. तिथे मासेही पेशंटसारखे आ करून बसतात. बाई रोज शर्यतीत शेवटच्या येत होत्या आणि आप्पा रोज विचार करत होते. परवा एकदाची त्यांनी चाल खेळली, आणि लगेच बाईंना दवाखान्यात फोन लावला.

"सूनबाई, हा बिघडला गं! मी खेळलो मात्र, याचं उत्तर हजर! विचार नाही, काही नाही! आधी कसा छान रखडायचा. तू एकदा उघडून बघतेस का?"