जुवाला आवतन

किसनभाऊ संग्रहालयात चपला काढून येतात आणि वस्तू पुसण्याआधी तिची परवानगी घेतात.

"जातेबाई, पुसू का जी?"

संग्रहालय अमरावतीच्या एका जुन्या दगडी चर्चमध्ये आहे. प्रार्थना नव्या इमारतीत गेली आणि इथे वऱ्हाडाचा इतिहास राहायला आला. भातकुलीचे किसनभाऊ झाडलोट करतात, मी पाट्या लिहिते. मी शिस्तीची बाई. "अहो, देव इथून कधीच हलला," मी पहिल्याच दिवशी सुनावलं.

"कोनं सांगतलं? वर पाहा न, ताई."

मी वर पाहिलं. सागवानी कमानी उंच अंधारात एकमेकींना भेटत होत्या. रंगीत काचांतून ऊन खाली तिफणीवर उतरलं होतं. मी काय बोलत होते तेच विसरले. तेव्हापासून आत शिरलं की माझाही आवाज खाली येतो.

पोळ्याच्या आदल्या दिवशी मात्र माझा पारा चढला. किसनभाऊ पळसाच्या पानांनी जुवाला हळद-तूप चोळत होते, बैलाचा खांदा टेकतो नेमकं तिथे. वर पुटपुटत होते, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." हे आवतन आमच्याकडे पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांना देतात. जिवंत बैलांना!

"उद्या संचालक पाहुणे घेऊन येणार. हे पाहिलं तर तुम्हाला घरी बसवतील!"

"बसवू द्या. हे जू माहंच हाये."

पाटीवर मीच लिहिलं होतं, 'देणगीदार : अज्ञात'.

"राज्या आन् सोन्याचं. पोरानं ट्रॅक्टर घेतला, पोळ्याच्या आठ दिस आधी जोडी इकली. आवतन राहूनच गेलं, ताई."

त्यांनी तोंड फिरवलं. 

दुसऱ्या दिवशी संचालक जुवापाशी थांबले. "हे कुणी केलं?"

किसनभाऊ पुढे सरकले. "मी केलं," त्यांच्याआधी मीच बोलले. "लाकूड तडकत होतं."

संचालकांनी बोट लावून हुंगलं. "पुढच्या वेळी विचारत जा."

विचारलं तर होतं, जुवाला.

पाहुणे गेल्यावर किसनभाऊंनी पोर्चमध्ये डबा सोडला. पळसाच्या तीन पानांवर पुरणपोळ्या वाढल्या.

"दोन राज्या-सोन्याची. आणि हे तुमचं?" मी विचारलं.

"नाई जी, माहं मंग. पाहुने जेवल्यावर. आवतन तुमाले बी हाये."

मी चपला काढल्या आणि पानावर बसले.