काटेवाले काका आणि बाळाचं तेल

आमच्या घरात तेल ओतत नसत, पुसत. घोटीला आबा भाताच्या गिरणीत हमाल होते. आई वाटीतल्या तेलात चिंधीचा बोळा बुडवून ठेवायची आणि तवा तापला की तो एकदा फिरवायची. चर्र असा आवाज यायचा, तेवढीच आमची फोडणी. सणाला बोळा दोनदा फिरायचा.

अशा घरातून आलेल्या मला शेजारचा एक धडधाकट माणूस चमच्याने तेल पिताना दिसला. सकाळी, उभ्याने, डोळे मिटून, आणि वर मिशीला लागलेलं बोटाने निपटून. मी ओट्यावर बसून अभ्यास करत होते. पुस्तक मिटलं आणि बघतच राहिले.

ते दौलतराव पगारे. नाशिकच्या मार्केट यार्डात ट्रक वजन करायचा जो मोठा काटा असतो ना, जमिनीत पुरलेला, त्यावर ते कामाला होते. सगळी पंचवटी त्यांना काटेवाले काका म्हणायची. त्यांच्याच शब्दावर आबांना यार्डात हमाली मिळाली, त्यांच्याच शेजारची खोली आम्हाला मिळाली, आणि नाशिकला आलो म्हणूनच मला कॉलेज मिळालं. आमच्या सात पिढ्यांत कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. हे मी कुठेही सांगते, इथेही सांगितलं.

काका अंगाने प्रचंड. विहारात सतरंजीवर बसले की शेजारी जागा सोडावी लागे. पण माणसाकडे बघायची त्यांची रीत काट्यावरची होती. भरल्या गाडीचं वजन ते ढोबळ, त्यातून रिकाम्या गाडीचं वजा केलं की उरतं ते निव्वळ. जगात निव्वळ किती, एवढंच काका बघत. कुणाच्या लग्नाला जाऊन आले की म्हणत, "नवरदेव ढोबळ चांगला हाय. निव्वळ किती भरंल सांगता येत नाय." चौकात कुणी पुढारी बोलून गेला की, "दोन तास बोलला. निव्वळ पाच मिनिटं." मी बी.ए.च्या पहिल्या वर्षाला फर्स्ट क्लास आणला तेव्हा आबांच्या पाठीत थाप मारून म्हणाले, "सोपानराव, पोरगी निव्वळ हाय!" आबा दोन दिवस पाठ चोळत होते, पण खुशीत.

काका-काकूंना मूलबाळ नव्हतं. त्याबद्दल चाळीत कुणी बोलत नसे आणि काका तर मुळीच नाही.

तर हे तेल. झालं असं की काकांना दोन जिने चढताना धाप लागू लागली. त्याच सुमारास काट्यावर पिंपळगावचा एक द्राक्षबागायतदार आला. तो नुकताच परदेशातल्या बागा बघून परतला होता. त्याने सांगितलं, "काटेवाले, तिकडची माणसं तुमच्यापेक्षा जाड, पण छाती कशी घोड्यासारखी. सगळं ऑलिव्हच्या तेलात खातात." काकांना पटलं. इंजिनात ऑइल चांगलं तर गाडी चांगली, एवढा साधा हिशोब.

आता त्या काळी नाशिकात ऑलिव्हचं तेल किराणा दुकानात मिळत नसे. मिळायचं औषधाच्या दुकानात, छोट्या पत्र्याच्या डब्यात, आणि ते तान्ह्या बाळाला चोळायला. काकांनी एक डबा आणला. शेजारच्या हौसाबाईंनी तो काकूंच्या खिडकीत पाहिला आणि दुपारपर्यंत चाळभर झालं. संध्याकाळी त्या डिंकाचे लाडू घेऊन हजर. काकूंचं वय तेव्हा चाळिशीच्या पुढे.

"सुगंधा, सांगितलं बी नाहीस गं!"

काकूंनी लाडू घेतले आणि शांतपणे म्हणाल्या, "दिवस मला नाय गेले, ह्यांना गेलेत. पोट बघा की!"

चाळ हसली. काकाही हसले, पोट हलवून हसले. काकू आत गेल्या त्या जरा वेळाने बाहेर आल्या, आणि लाडू सगळ्यांना वाटून टाकले.

मी तेव्हाच काकांना विचारलं, "काका, हे कशाच्या बदली?"

"बदली कशाला? नेहमीचं तर हायेच. हे वरून!"

आणि खरंच वरून. काकू वनस्पती तुपात भजी तळत, काका ताटभर खात, आणि वर दोन चमचे ऑलिव्हचं तेल, काळजासाठी. बटाटेवडा खाल्ला तर तीन. पापाचं वजन वाढलं की प्रायश्चित्तही वाढवायचं. मी सांगून पाहिलं. "तू बी.ए.ची, डॉक्टर नाय," एवढं बोलून ते वजन बघायला निघाले.

वजन ते ट्रकच्याच काट्यावर करत. सकाळी काटा रिकामा असताना मधोमध उभे राहायचे, चपला आणि जेवणाचा डबा आबांकडे द्यायचे, आणि आत बसलेल्या कारकुनाला ओरडून विचारायचे, "किती?" दहा किलोच्या खालचा फरक त्या काट्याला कळतच नव्हता. त्यामुळे वर्षभर उत्तर एकच. काका समाधानाने खाली उतरत आणि घरी येऊन मला सांगत, "बघ, वंदे. तेल लागू पडलं. काटा खोटं बोलत नाय!" शर्टाची बटणं मात्र काकू दर महिन्याला पुढे सरकवत होत्या.

एक गोष्ट मला तेव्हाही खटकायची. डबा आणायला काका पूल ओलांडून पार मेन रोडला जात. तोच डबा आमच्या कोपऱ्यावरच्या दुकानात मी फळीवर पाहिला होता. विचारलं तर म्हणाले, "तिथला अस्सल असतो." एरवी पान आणायला खाली न उतरणारा माणूस त्या एका कामासाठी इस्त्रीचा शर्ट घालून, केस विंचरून चालत जायचा आणि येताना शीळ घालत यायचा. महिन्यातून एकदा, पुढे पुढे दोनदाही. डबा संपलेला नसला तरी.

अशी चारेक वर्षं गेली. मी बी.ए. झाले, शाळेत लागले, मला चष्मा लागला. आणि ऐन कांद्याच्या हंगामात एका दुपारी काका काट्यावर गाडी लावता लावता तिथेच, ट्रकच्या चाकाशी मटकन बसले. कांदा नामपूरच्या एका शेतकऱ्याचा होता. त्याला वाटलं, दमलेत. काकांचंही वजन आपल्या कांद्यात धरलं जातंय म्हणून ट्रकवर बसूनच तो अहिराणीत हसत ओरडला, "बठा ऱ्हावा काका, बठा ऱ्हावा! मना कांदा वाढी ऱ्हायनात!" मग त्याने काकांचा घामाने निथळलेला चेहरा पाहिला आणि उडी मारून खाली आला. आबांनी आणि त्याने मिळून काकांना उचललं. नंतर आबा म्हणाले, जन्मभर पोती उचलली, पण असा जीव कधी घाबरला नव्हता.

सरकारी दवाखान्यात डॉक्टरीणबाई तरुण होत्या आणि फटकळ. काकू कोपऱ्यात उभ्या होत्या, पदर तोंडाला लावून. बाईंनी खाण्यापिण्याचं विचारलं. काकांनी खाटेवरूनच अभिमानाने ऑलिव्हचं सांगितलं.

"कशाच्या ऐवजी?"

"ऐवजी नाय. वरून."

बाई काकांकडे बघत राहिल्या. "तुम्ही काट्यावर ना? मग सांगा. भरल्या कांद्याच्या ट्रकमध्ये वरून द्राक्षाच्या पेट्या टाकल्या तर कांद्याचं वजन कमी होतं का?"

आयुष्यात पहिल्यांदा काट्याच्या प्रश्नावर काकांनी मान खाली घालून नकारार्थी हलवली.

"तेल चांगलंच आहे. हृदयाला ते तुपापेक्षा, वनस्पतीपेक्षा बरं. पण त्यांच्या जागी घेतलं तर. वरून घेतलं तर तेही शेवटी तेलच, अंगावरच बसतं. वनस्पती बंद. भजी बंद. भाकरीवर तुपाऐवजी हे एक चमचा, कोशिंबिरीवर अर्धा. आणि चाला. हे वजन नाही उतरलं तर पुढच्या वेळी मी नाही सांगणार काही, सांगायला उरणारच नाही कुणी."

काकूंनी त्याच दिवशी घरी जाऊन वनस्पतीचा डबा रिकामा केला आणि त्यात कोथिंबीर पेरली.

काका घरी आले, पण महिनाभर खाली उतरायचं नाही असा हुकूम होता. ऑलिव्हचा डबा तळाला लागला. मी म्हटलं, मी आणते. तर काका खाटेवर उठूनच बसले. "तू नको जाऊ. मी बरा झालो की जाईन. तुला कशाला तरास?"

"कोपऱ्यावरून आणू?"

"नाय नाय. तिथलाच पायजे. पण तू नको."

मी काय ऐकते! रविवारी सकाळी गेले. मेन रोडला घड्याळाच्या दुकानाशेजारी ते छोटं औषधाचं दुकान होतं. गल्ल्यावर एक वयस्कर गृहस्थ बसले होते. मी म्हटलं, "मार्केट यार्डातल्या पगारेकाकांसाठी ऑलिव्हचा डबा हवाय."

"पगारे? कुठे आहेत ते? महिना झाला, आले नाहीत. बरे आहेत ना? आणि वंदना?"

मी काही बोलणार तोच ते पुढे सुरू झाले. "खोकला झाला होता ना तिला. मी म्हटलं होतं, आल्याचा रस द्या. बरी आहे का? एवढीशी पोर, आणि चष्मा लागला म्हणे! पण हुशार किती! पगारे पहिल्यांदा आले तेव्हा मी विचारलं, बाळ केवढं? म्हणाले, तीन महिन्यांचं. लाजत होते हो. उशिरा झालेलं मूल. तेव्हापासून बघतोय. बसली कधी, चालली कधी, सगळं सांगतात. आता बापाला इंग्रजी वाचून दाखवते म्हणे, चार वर्षांची! मी म्हटलं, आता मालीश पुरे की. तर म्हणतात, हाडं पक्की व्हायला पाहिजेत, तिला लांब जायचंय. पोरगी निव्वळ आहे म्हणतात."

मला चष्मा लागला होता. मला खोकला झाला होता. रात्रीच्या जेवणानंतर इंग्रजी वर्तमानपत्र मीच काकांना वाचून दाखवत होते.

"तुम्ही त्यांच्या कोण?" त्यांनी डबा कागदात बांधता बांधता विचारलं.

"शेजारी. वंदना बरी आहे. खोकला गेला."

त्यांनी बरणीतून मूठभर लिमलेटच्या गोळ्या काढल्या, पुडी बांधली. "तिला द्या. नेहमीच्या आहेत, पगाऱ्यांना माहीत आहे." मग मला आठवलं. काका मेन रोडहून आले की माझ्या पुस्तकावर लिमलेटची पुडी ठेवायचे. बी.ए.ला होते मी. मला वाटायचं, काकांना वाटतं मी अजून लहान आहे.

परत येताना पुलावर जरा थांबले. चष्मा पुसला.

काकांच्या उशाशी डबा ठेवला, वर पुडी ठेवली. काकांनी पुडीकडे पाहिलं आणि तोंड भिंतीकडे केलं. काकू स्वयंपाकघरात काकडी चिरत होत्या.

"काय म्हणाला दुकानदार?" भिंतीलाच विचारलं.

"विचारत होते, पोरीचा खोकला कसा आहे. मी म्हटलं, बरा आहे."

आत काकडीवर विळी चालत होती.

"निव्वळ बरा?"

"निव्वळ."

"मग दे एक गोळी," काका म्हणाले.

"डॉक्टरीणबाईंनी साखर सांगितली नाही तुम्हाला. माझ्या आहेत त्या."

त्यावर काका पोट हलवून हसले. काकू विळी सोडून दारात आल्या, कारण महिनाभरात तो आवाज घरात झाला नव्हता.

महिना संपला तशी काकांनी मेन रोडची वाट पुन्हा धरली. आता तर दररोज संध्याकाळी, डबा आणायचा असो नसो. डॉक्टरीणबाईंनी दवाखान्यातल्या साध्या काट्यावर उभं केलं तेव्हा वजन उतरलेलं दिसलं, छातीही ठीक निघाली. त्यात तेलाचं किती, चालण्याचं किती, आणि भजी गेली त्याचं किती, हे त्यांनाही वेगळं काढून सांगता आलं नाही. काकूंनी बटणं मागे घेतली.

पुढे मी नोकरी करत करत एम.ए. झाले. निकालाच्या संध्याकाळी काका मेन रोडहून आले आणि माझ्या टेबलावर पुडी ठेवली, या वेळी दुप्पट मोठी. "दुकानदारानं दिली," म्हणाले. "वंदना पहिलीत पहिली आली, असं सांगितलं त्याला."

आमच्या घरात आता फोडणी चमच्याने पडते. मी शाळेत मराठी शिकवते. काटेवाले काका दोन्ही जिने न थांबता चढतात.