बिंबाऱ्याचं सुखद हवामान

शाळेत मुलांना उकडतं की नाही, हे मुलांना विचारून ठरवायचं नसतं. त्यासाठी शिक्षण खातं असतं.

खात्याचा नियम साधा होता: गावाचं जानेवारीचं सरासरी कमाल तापमान तेहतीसच्या वर गेलं, तर वर्गाला एसी. (ऑस्ट्रेलियात जानेवारीत शाळांना उन्हाळ्याची सुट्टी असते. त्यामुळे मुलांना त्रास न देता उकाडा मोजता येतो.)

बिंबाऱ्याच्या सरकारी शाळेच्या मुख्याध्यापिका ग्लेनिसबाई या नियमापुढे हात टेकून बसल्या होत्या. दुसरीचा वर्ग पत्र्याच्या तात्पुरत्या खोलीत भरायचा. खोली बाईंच्या स्वतःच्या शाळकरी दिवसांपासून तात्पुरती होती. फेब्रुवारीत तिथे डिंकाच्या कांड्या वितळल्या आणि आयव्ही नावाची मुलगी भोवळ येऊन पडली.

बाईंनी खात्याला कळवलं. उत्तर आलं की, गाव एकोणतीस अंशांत असल्याने सदर भोवळ नियमात बसत नाही.

एकोणतीस कसे? तर 'सुखद गाव' स्पर्धेसाठी गावाने सरकारी तापमापक पेट्रोल पंपाजवळून उचलून हिरवळीवर गोळे घरंगळवण्याच्या बोल्स क्लबच्या वडाखाली नेला होता, तिथल्या फवाऱ्याच्या टप्प्यात. बक्षीस मिळालं, घरांचे भाव चढले. बाईंनी मुलांना त्याच वडाखाली बसवून पाहिलं, तर मुलांच्या अंगच्या उष्णतेने मापनात बाधा येते म्हणून त्यांना उठवण्यात आलं. पोरांपेक्षा तापमापकाचे लाड जास्त! बाईंचा अगदी संताप झाला.

त्यांनी सभा बोलावली. सभा क्लबात भरली, कारण तिथे एसी होता. अध्यक्ष डॅरिल. हा क्लबचाही अध्यक्ष, पालक समितीचाही, आणि घरांचा दलाल. (त्याची मुलं सिडनीच्या खाजगी शाळेत. शाळेचे प्रश्न दुरून नीट दिसतात.)

तापमापक परत पंपाजवळ न्या, एवढंच बाईंचं मागणं होतं.

"ग्लेनिस, शाळेसाठी आम्ही काय वाट्टेल ते करू," डॅरिल म्हणाला, "पण गावाचं हवामान कसं बिघडवायचं गं?"

मतदान झालं. तापमापक वडाखालीच राहावा म्हणून सगळ्यांचे हात वर. त्यात आयव्हीचा बापही.

"तूसुद्धा, रे?" बाईंनी विचारलं.

"घराला भाव आला तरच विकता येईल, ग्लेनिस," तो खाली बघत म्हणाला. "आणि विकलं तरच आयव्हीला शहरातल्या चांगल्या शाळेत घालता येईल."

मग डॅरिलने दुसरा ठराव मांडला: सरकारी शाळा हा समाजाचा कणा आहे, ती टिकलीच पाहिजे. पुन्हा सगळे हात वर. टाळ्यांसाठी ते खाली येणार, तोच बाई उठल्या.

"थांबा. ज्यांना आपलं मूल याच शाळेत ठेवायचंय, त्यांनीच हात वर ठेवा."

हात भराभरा खाली आले. वाचकहो, त्यांत तुमचाही होता. बाईंनी पाहिला.