तासाभराची सासू

उद्या सकाळी सासूचं वजन होणार हे कळलं आणि शालूची तव्यावरची भाकरी करपली.

फोन प्रांजली मॅडमचा होता. फौजेतली माणसं आणि त्यांच्या घरचे लोक सुखात आहेत का, मनानं बरे आहेत का, याचा अभ्यास त्या विद्यापीठातर्फे करत होत्या. वाटूरमधली फौजींची चार घरं त्यांच्या यादीत होती, त्यात शालूचं एक. "थोडे प्रश्न विचारू, बीपी बघू, वजन घेऊ. सासूबाई असतात ना घरी?"

"हायेत की. घरीच असतात," शालू भोळेपणानं बोलून गेली.

"छान. तुमच्या मिस्टरांनीही तिकडं असाच फॉर्म भरलाय. आम्ही दोन्ही फॉर्म शेजारीशेजारी ठेवून बघतो."

इथं मात्र शालू अडकली. तीन आठवड्यांपूर्वी तिची सासू आसराबाई गच्चीवर वाळत घातलेल्या कुरडया राखत होती. एका कावळ्याच्या मागं धावली, जिन्यावरून घसरली आणि पाय मोडून बसली. गुडघ्यापर्यंत प्लास्टर. शालूच्या नवऱ्याचा, ओमप्रकाशचा, तेव्हा फौजेत हवालदारकीचा कोर्स चालू होता. आईचं कळलं असतं तर हा बहाद्दर कोर्स अर्ध्यात टाकून निघाला असता आणि बढती पुन्हा लांबली असती. म्हणून शालूनं त्याला कळूच दिलं नाही. दवाखाना, औषधं, सासूची अंघोळ, गोठ्यातली म्हैस, सगळं एकटीनं रेटलं. व्हिडिओ कॉलवर सासूचा फक्त चेहरा दिसावा म्हणून मोबाइल उंच धरून धरून तिचा दंड भरून यायचा. बाई वाघीण होती, यात शंका नाही. कोर्स संपायला आता फक्त अकरा दिवस राहिले होते, आणि इथं फॉर्मवर 'प्लास्टर' लिहिलं की तो कागद सरळ नवऱ्याच्या हातात पडणार, असं तिनं मनाशी पक्कं करून टाकलं. मॅडमना एकदा विचारून घ्यावं, एवढं मात्र वाघिणीला सुचलं नाही.

ती तडक शेजारच्या चांगुणाबाईकडं गेली.

"मावशी, उद्या तासभर माझी सासू व्हा."

"तासभर कशाला, जलमभर होते की," चांगुणाबाई म्हणाली. "पण साडी आसराची चांगलीवाली पाहिजे."

सकाळी आसराबाईला आतल्या खोलीत बसवून, खोकायचं नाही अशी ताकीद देऊन, शालूनं दार लोटून घेतलं. बाहेर चांगुणाबाई हिरवी साडी नेसून खुर्चीत ऐटीत बसली. वजन झालं. बीपी झालं. मॅडमनी नावांची यादी आणि फॉर्म काढला.

"नाव?"

"आसराबाई."

"यजमानांचं नाव?"

"सांडू."

मॅडमचं पेन थांबलं. या आठवड्यात त्या वीसेक म्हाताऱ्यांना भेटल्या होत्या. नवऱ्याचं नाव विचारलं की प्रत्येकीनं पदर तोंडाला लावला होता आणि सुनेला कोपरानं ढोसलं होतं. या बाईनं मात्र शेजारच्याला हाक मारावी तसं नाव घेतलं. आता सांडू तिचा शेजारीच होता, त्याला ती तरी काय करणार?

"आत्या लई पुढारलेल्या हायेत," शालू घाईघाईनं म्हणाली.

मॅडम पुढं गेल्या. "गेल्या महिन्यात किती वेळा उदास वाटलं?"

हा प्रश्न चांगुणाबाईला पासष्ट वर्षांत कुणीच विचारला नव्हता. तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि आपण कोण म्हणून बसलोय याचा तिला साफ विसर पडला.

"रोजच वाटतं बाई. सुनंला चहा मागितला तर कप आपटती. मी बोलून राह्यले तर टीव्हीचा आवाज वाढवती. आजारी पडले व्हते तर बघायला सुदिक आली न्हाई."

शालूनं तिचा पाय दाबला. चांगुणाबाईनं पाय बाजूला घेतला आणि पुढं सांगायला लागली. मॅडम भराभर लिहीत होत्या. लिहितालिहिता त्यांनी शालूकडं असं बघितलं की तिला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. "घरात ज्येष्ठांची आबाळ होते असं नोंदवते," त्या कोरड्या आवाजात म्हणाल्या.

तेवढ्यात आतलं दार उघडलं. वॉकर टेकत, प्लास्टरचा पाय उचलत आसराबाई उंबऱ्यात येऊन उभी राहिली. रागानं तिचा श्वास फुलला होता.

"खोडा ते. समदं खोडा. चांगुणे, तुझ्या सुनंचं गाऱ्हाणं माझ्या सुनंच्या नावावर लिवून राह्यली का? मॅडम, मी आसराबाई. ह्या पोरीनं मला पाठकुळी घेऊन दवाखान्यात नेलं. तीन हप्ते झाले, मला पाण्याचा तांब्या उचलू दिला न्हाई. असली सून अख्ख्या जालना जिल्ह्यात हुडकून दाखवा."

मग शालूला सगळं सांगावं लागलं. सांगतासांगता ती रडली. मॅडमनी फॉर्म टरकावून टाकला आणि तिच्या हातावर हात ठेवला. "अहो, नावं आमच्या वेगळ्या यादीत राहतात, फॉर्मवर नुसता नंबर असतो. तुमची उत्तरं आम्ही त्यांना कधीच दाखवत नाही."

शालूच्या जिवात जीव आला. नवा फॉर्म निघाला आणि यावेळी आसराबाई खुर्चीत बसली.

"मनावर ओझं आलं की कुणाला सांगता?"

"पोराला. दुसऱ्या कुणाला सांगू?"

"आत्या, पायाचं तर न्हाई ना सांगितलं?" शालूनं विचारलं.

आसराबाईनं पदर नीट केला. "त्याच दिवशी सांगितलं. तू गोळ्या आणायला गेल्तीस. चांगुणानं फोन लावून दिला."

चांगुणाबाई छताचा पंखा न्याहाळू लागली.

"मंग ते आले कसे न्हाईत?"

"निघाला व्हता. मी म्हणलं, शालू हाय ना. तर म्हणला, शालू हाय तर मला फिकीर न्हाई. अन् तिला सांगू नको म्हणला. म्हणला, मला कळलंय हे तिला समजलं तर ती उलटी माझीच काळजी करीत बसंल."

मॅडमनी हळूच शालूचा फॉर्म पुढं ओढला.

"पती तुमच्यापासून काही लपवतात का?"

"हो लिहा."

"पतीबद्दल समाधान, दहापैकी किती?"

शालूनं डोळे पुसले. "दहा," ती म्हणाली. "पण मॅडम, मला हे कळलं म्हणून त्यांना सांगू नका. कोर्स चालू हाय, उगीच काळजी करतील."